तोख्तासिन-आकाचा नान

हे खरं घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

मी बुरुल. ओश शहरात राहते, मशीनवर काम करते, आणि भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली आहे. तेव्हा विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. पटवून पटवून माझा घसा बसलाय. आता कुणाला पटवायच्या भानगडीत मी पडत नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. फेब्रुवारीतली भर दुपार होती. रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता, बाजारातून सामसाचा, म्हणजे आमच्याकडच्या भाजलेल्या समोशाचा, वास येत होता. आणि माझ्या खोलीत...

थांबा. आधी खोली सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

जुन्या टेलिफोन कचेरीच्या मागे तळमजल्यावर एक खोली आहे. शहरातल्या सगळ्या इंटरनेट कंपन्यांच्या तारा तिथे एकत्र येतात. मधे एक मशीन. प्रत्येक कंपनीच्या कपाटातून एक पिवळी तार निघते आणि त्या मशीनमध्ये खोचली जाते. एका कंपनीच्या गिऱ्हाइकाचं दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाशी काम पडलं, तर ते इथल्या इथे व्हावं म्हणून. ही खोली नसेल, तर शेजारणीला द्यायची वाटीभर साखर आधी फ्रँकफुर्टला पाठवायची आणि तिकडून परत मागवायची. बाहेरचा रस्ता लांबचा आणि गर्दीचा. अर्धी साखर वाटेतच सांडते.

या खोलीत कुणी कुणाकडून पैसे घेत नाही. इथे सगळे बरोबरीचे. नियम म्हणाल तर एवढा एकच, आणि नेमका तोच आमच्या लोकांना झेपत नाही.

कंपन्यांमध्ये सगळ्यात मोठी ‘चिनार’. तिचे मालक झामीर-बायके. वयाने मोठे म्हणून सगळे बायके म्हणतात, म्हणजे दादा. त्यांच्या खालोखाल ‘बुलाक’. तिचा मालक एर्मेक, चाळिशीचा, जिभेने तिखट.

जानेवारीत एका लग्नाला दोघे एकाच पंगतीत बसले. मटण वाढलं. आमच्याकडे मटण म्हणजे नुसतं मटण नसतं, कुणाच्या ताटात कुठलं हाड पडतं त्यावर माणसाची पत ठरते. एर्मेक मुलीकडचा पाहुणा होता. म्हणून त्याच्यापुढे मेंढीचं डोकं आलं, म्हणजे सगळ्यात मोठा मान.

झामीर-बायकेंच्या ताटात आली बरगडी.

बस. दुसऱ्या दिवशी सकाळी चिनारचा हुकूम आला. आमची तार काढा.

“बायके, का पण?” मी फोनवर विचारलं.

“तो माझ्या बरोबरीचा नाही,” ते म्हणाले. “मग बरोबरीची तार कशाला?”

“अहो, एका हाडापायी?”

“हाड तुझ्या ताटात पडलं नव्हतं, बुरुल.”

तार काढायला आला तोख्तासिन-आका. आका म्हणजेही दादाच. चिनारचा जुना माणूस, साठीला टेकलेला. ही खोली उभी राहिली तेव्हा पहिली तार त्यानेच खोचली होती. त्याची एक सवय होती. कुठल्याही तारेला हात लावण्याआधी कपाटाच्या दारावर बोटातली अंगठी दोनदा वाजवायची. टक... टक. मग ‘बिस्मिल्ला’ म्हणायचं आणि काम सुरू.

त्या दिवशीही त्याने अंगठी वाजवली. तार काढली, मशीनच्या मोकळ्या भोकात रबरी बूच बसवलं, तार नीट गुंडाळून कपाटावर ठेवली. सगळं मान खाली घालून. मग कोटाच्या आतून एक नान काढला. ताजा, गोल, अजून कोमट. त्याचा त्याने एक घास तोडला, तोंडानेच.

कसला घास ते मला कळलं. घरातून कुणी लांब निघालं की तो नानचा एक घास खातो आणि उरलेला नान भिंतीवर टांगतात. तो परत येईल आणि स्वतः संपवेल म्हणून. तोवर त्याला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही.

“आका, हे काय? तुम्ही कुठे सैन्यात चाललात?”

“मी नाही सिंग्लिम, माझी तार चाललीय,” तो म्हणाला. सिंग्लिम म्हणजे धाकटी बहीण. “ही काही कायमची नाही जात. पोराटोरांसारखी रुसून चाललीय. मीच परत आणीन आणि हा नान संपवीन.”

त्याचा वरचा एक दात पडलेला होता. घास तोडला की मधे नानची बारीक शेंडी उरायची. ती मला दाखवून तो हसला. “ही माझी सही. दुसऱ्या कुणी खाल्लं तर पकडीन.”

मशीनच्या वरच्या खिळ्याला त्याने नान टांगला आणि गेला.

आता माझ्या बहिणीचं सांगते. सगळं तिच्यापायी आहे.

साइकाल, माझी धाकटी. लग्न होऊन घाटापलीकडे गुल्चाला गेली. फेब्रुवारी लागताच ती बाळंत झाली, दिवस भरायच्या खूप आधी. मुलगा झाला. हाताच्या पंजाएवढा. फुप्फुसं कच्ची. घाटात बर्फ, त्यामुळे बाळाला ओशला आणायची सोय नाही. ओशच्या मोठ्या डॉक्टरीणबाई रोज दुपारी कॅमेऱ्यातून बाळाला बघायच्या आणि तिथल्या तरुण डॉक्टरला काय करायचं ते सांगायच्या.

गुल्चाचा दवाखाना चिनारवर. ओशचा दवाखाना बुलाकवर.

कळलं ना? चित्र फ्रँकफुर्टवरून यायला लागलं. यायचं आणि थिजायचं. साइकाल मला एजे म्हणते, म्हणजे ताई. ती फोनवर रडत म्हणाली, “एजे, डॉक्टरीणबाईंना त्याची छाती हलताना बघायची असते गं. चित्र थांबलं की त्या ओरडतात, चित्र थांबलं की बाळ थांबलं? त्यांना काय सांगू मी?”

मी झामीर-बायकेंकडे गेले. ते म्हणाले, एर्मेकने येऊन माफी मागावी. मी एर्मेककडे गेले. तो म्हणाला, “कसली माफी? डोकं मी मागितलं होतं का? वाढणाऱ्याला विचार जा.” मी पुन्हा बायकेंकडे. पुन्हा एर्मेककडे. बाळाचं सांगितलं तर दोघांनीही अगदी हळहळून मान हलवली. दोघांनीही मला चहा पाजला. तार मात्र एकानेही लावू दिली नाही. चिनारच्या कपाटाला कुलूप, किल्ली बायकेंच्या खिशात. मी रस्त्यात उभी राहून मोठ्याने शिव्या घातल्या. एक म्हातारी थांबून बघायला लागली.

शेवटी मी तोख्तासिन-आकाला फोन केला. तो म्हणाला, “मी जातो गुल्चाला. बुलाकचा सिग्नल तिकडे पकडता येतो का बघतो. बायकेंना सांगू नकोस. आणि साइकालला सांग, बाळाचं चित्र मी आणतो.”

त्याच दिवशी चिर्चिकच्या घाटात त्याची गाडी बर्फावरून घसरली.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. झामीर-बायके सगळ्यांत पुढे, खांदा देत होते. मोठ्याने रडत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत होते. या खोलीत पंख्यांचा आवाज इतका असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. वर्षानुवर्षं तो आवाज मी ऐकते आहे. आता तर तो ऐकूही येत नाही.

एकदम... ऐकू आलं, की तो नाहीये.

पंखे बंद पडले, असं वाटलं. सगळे. दिवे मात्र चालू होते, मशीन चालू होतं. हात लावून पाहिलं, आतले पंखे गरगर फिरत होते.

फक्त आवाज नव्हता.

आणि त्या शांततेत...

टक... टक.

चिनारच्या कपाटावर.

मी वळले. कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. मी स्वतःला म्हटलं, पत्रा आहे, थंडीने आकसला असेल. तेवढ्यात पंख्यांचा आवाज परत आला, इतका जोरात की मी दचकून खुर्चीवर बसले.

फोन वाजला. साइकाल. “एजे! चित्र आलं! स्वच्छ! डॉक्टरीणबाईंनी त्याचे श्वास मोजले! तू केलंस ना? कसं केलंस?”

मी मशीनकडे पाहिलं. चिनारच्या जागेवर रबरी बूच होतं, तसंच बसवलेलं. तार कपाटावर होती, तशीच गुंडाळलेली.

आणि बुचाशेजारचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

माझी नजर आपोआप वर गेली. खिळ्याकडे. नानला आता दोन घास कमी होते... आणि दुसऱ्या घासाच्या मधेही बारीक शेंडी होती.

उंदीर असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पिंजरा लावला. चीज लावलं, चांगलं महागातलं. ते वाळून गेलं, उंदीर आला नाही. पण रोज दुपारी डॉक्टरीणबाईंची वेळ झाली की आवाज जायचा, अंगठी वाजायची, दिवा लागायचा. चित्र चालायचं. संध्याकाळी दिवा विझायचा आणि नानचा एक घास कमी झालेला असायचा.

मी झामीर-बायकेंना फोन केला.

“बायके, तुमची तार नाहीये, तरी लाइन चालतेय.”

“म्हणजे एर्मेकने जोडली. आला ना नाक घासत!”

“त्याने नाही जोडली. तार कपाटावर पडलीय, मी बघतेय तिच्याकडे.”

“चालतंय ना?”

“चालतंय, पण...”

“मग माझं डोकं का खातेस?”

एर्मेक तर हसायलाच लागला. “म्हातारा विरघळला म्हण की! गुपचूप जोडली असेल. आता लाजतोय.”

“अरे बाबा, जोडलेली नाहीये!”

“एजे, चालणाऱ्या गोष्टीत बोट घालू नये. झोप काढ जरा. डोळे बघ आरशात.”

आता तुम्हीच सांगा. जिवंत माणसं खिशात किल्ली घेऊन ऐटीत बसली होती, आणि काम कोण करत होतं? आणि त्याने केलं म्हणून यांना करायची गरजच उरली नव्हती. भीती वाटायच्या जागी मला राग यायला लागला. झामीर-बायकेंचा, एर्मेकचा, त्या मेंढीचासुद्धा.

पण नानकडे पाहिलं की राग जायचा आणि मी उरलेले घास मोजायला लागायचे. अर्ध्याहून जास्त संपला होता. संपल्यावर काय?

मी सौदात-ओपाकडे गेले. तोख्तासिन-आकाची बायको; ओपा म्हणजे ताई. तिला फोनमधले नानचे फोटो दाखवले. तिने फोन डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिलं. रडली नाही.

“त्याचेच घास,” ती म्हणाली. “तरी सांगत होते, दात बसवून घ्या.”

“ओपा, नान संपला की काय होतं?”

“काय व्हायचं? नान संपला की माणूस घरी आला.” तिने दोन पियाल्यांत चहा ओतला. एक मला दिला. दुसरा दाराकडच्या गादीपुढे ठेवला. “घाटातून त्याला आणला, पण तो घरी आलाय असं मला एकदाही वाटलं नाही बघ. आता कळलं, कुठे अडकलाय ते. लवकर संपव म्हणावं.”

तिला नान लवकर संपायला हवा होता. मला तो संपायला नको होता. मी चहा तसाच ठेवून उठले.

मग ती दुपार आली.

सकाळीच साइकालचा फोन. बाळाच्या छातीत हवा अडकली होती. सुईने काढायची. तिथल्या तरुण डॉक्टरने हे कधी केलं नव्हतं, डॉक्टरीणबाई कॅमेऱ्यातून बघून सुई कुठे, किती, ते सांगणार होत्या. दोन बोटांएवढी छाती. चित्र थिजलं तर सुई कुठे जाईल ते सांगायला नको.

मी वर पाहिलं. नान कसला... दोन घास उरले होते.

मग मी खोटं बोलले. झामीर-बायकेंना म्हटलं, एर्मेक माझ्या खोलीत आलाय, तुमची माफी मागायची म्हणतोय. एर्मेकला म्हटलं, बायके आलेत, त्यांना चूक कळलीय. दोघे धावत आले. एवढ्या वर्षांत दोघांना एवढ्या लगबगीने कुठे जाताना मी पाहिलं नव्हतं.

दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. आधी कुणी बोलावं, याची वाट बघत.

“बोल,” बायके म्हणाले.

“मी बोलू? मी तर ऐकायला आलोय,” एर्मेक म्हणाला.

“ही म्हणाली, तू...”

“मला म्हणाली, तुम्ही...”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी आतून कडी घातली आणि त्यांच्यापुढे फोन धरला. फोनवर साइकाल होती. मागे डॉक्टरांचे आवाज. “हे ऐका,” मी म्हटलं. “आणि मग तिकडे बघा. ती तार आहे का जागेवर?”

बायके वाकले. बूच पाहिलं. बुचाशेजारी, त्या दिवशी आधीच लागलेला, लुकलुकणारा दिवा पाहिला. “मशीन बिघडलंय,” ते म्हणाले. मग हळू आवाजात पुन्हा म्हणाले, “बिघडलंय ना?”

आणि पंख्यांचा आवाज गेला.

एर्मेकने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

टक... टक.

बायकेंच्या अगदी कानाशी. तीस वर्षं ती अंगठी ऐकली होती त्यांनी. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

मग वरून... कुरुम.

वाळलेला नान दाताखाली मोडतो, तसा. अगदी सावकाश. कुरुम... कुरुम... चावणं ऐकू येत होतं. आमच्या डोळ्यांदेखत दोनातला एक घास गेला. बारीक भुगा खाली पडला, तो बायकेंच्या फरच्या टोपीवर.

“लावा!” मी ओरडले. “बायके, लावा ती तार! नान संपला की चित्र जाणार!”

किल्ली त्यांच्या हातून दोनदा पडली. एर्मेकने उचलली, कुलूप त्याने काढलं. तार मी खाली ओढली. एक टोक कपाटात मी बसवलं. दुसरं बायकेंच्याच हातात दिलं. त्यांनीच काढायला लावली होती, त्यांनीच खोचावी, असं मला तेव्हा का वाटलं, देव जाणे. एवढी मोठी कंपनी, पण स्वतःच्या हाताने तार कधी खोचली नव्हती त्यांनी.

“उलटी नको! फिरवा! बूच काढा आधी, बूच!”

त्यांनी बूच काढलं. दिवा विझला.

“एजे, चित्र थांबलं!” फोनमधून साइकाल किंचाळली. “सुई आत आहे, एजे!”

वर खिळ्याशी चावणं थांबलं होतं. कुणीतरी श्वास रोखून बघावं तसं.

कट्.

तार बसली. दिवा लागला. पंख्यांचा आवाज धाडकन परत आला. आणि फोनमध्ये कितीतरी वेळाने, फार बारीक, मांजराच्या पिल्लासारखं, बाळ रडलं.

झामीर-बायके जमिनीवर बसले. टोपी काढून त्यांनी भुगा तळहातावर घेतला. नान जमिनीवर सांडू नये म्हणून तो खाऊन टाकायचा असतो. पण हा कसा खाणार, दुसऱ्याचा होता. ते नुसतेच तळहात पसरून बसून राहिले. एर्मेकने त्यांना धरून उठवलं. दोघे गेले.

बाळ वाचलं. आता घरी आहे. पण फुप्फुसं अजून नाजूक आहेत, डॉक्टरीणबाई अजूनही दर आठवड्याला त्याला कॅमेऱ्यातून बघतात. तार जागेवर आहे.

आणि एक घास अजून खिळ्याला आहे.

त्या दिवसापासून तो तेवढाच आहे. पंखे गप्प होत नाहीत, अंगठी वाजत नाही. पण आका गेलेला नाही. मी खोलीत एकटी असले की मला कळतं, पाठीमागे कुणीतरी तारेकडे बघत उभं आहे. त्याचा बायकेंवर विश्वास नाही. माझाही नाही.

सौदात-ओपा दर शुक्रवारी फोन करते. एकच विचारते, “संपला का?”

“नाही, ओपा.”

“त्याला सांग ना, आता पुरे. चहा गार होतो रोज.”

सांगते म्हणते मी. सांगत नाही. काय करू? बाळ मोठं होईपर्यंत मला तो घास हवा आहे. तिचा नवरा मी तिथे अडकवून ठेवला आहे, हे मला कळतं.

परवा कळलं, या रविवारी आणखी एक लग्न आहे. झामीर-बायकेंना आमंत्रण आहे, एर्मेकलाही आहे. या वेळी एर्मेक मुलाकडचा आणि बायके मुलीकडचे. मी आचाऱ्याला जाऊन भेटले, म्हटलं, बाबा रे, दोघांना सारखंच हाड वाढ, तुझ्या पाया पडते. तो हसला. म्हणाला, “एजे, मी फक्त शिजवतो. वाटणी म्हातारे करतात.”

काल झामीर-बायकेंचा माणूस आला होता. सहज म्हणून. चिनारच्या कपाटाचं कुलूप बघून गेला.

तो गेला, आणि पंखे क्षणभर... गप्प झाले.

एकच घास उरलाय.